तेच घर, पुन्हा घरफोडी : किर्कहोल्ट वसाहतीचं प्रकरण

सहकाराचं प्रशिक्षण घेतलेल्या मराठी माणसाला रॉचडेल हे नाव हमखास माहीत असतं. मँचेस्टरजवळचं हे कापडगिरण्यांचं गाव. १८४४ साली तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी थोडे थोडे पैसे जमवून एक दुकान काढलं. आपल्याकडे सहकाराचा इतिहास शिकवताना पहिल्या धड्यात त्या दुकानाचं नाव येतं. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्यांना मात्र रॉचडेल माहीत असतं ते गावाच्या कडेच्या किर्कहोल्ट या वसाहतीमुळे. गुन्ह्याला एकदा बळी पडलेला माणूस पुन्हा पुन्हा बळी का पडतो, या प्रश्नाला हात घालणारं सुरुवातीचं एक मोठं काम तिथे झालं. त्यातून निघालेलं उत्तर आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतींना धक्का देणारं होतं.

किर्कहोल्टमध्ये साधारण २,२८० घरं. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली, बहुतेक नगरपालिकेच्या मालकीची, भाड्याने दिलेली. १९८० च्या दशकात गिरण्यांचे दिवस सरले होते आणि बेकारी वाढली होती. १९८५ साली या वसाहतीत नोंदल्या गेलेल्या घरफोड्यांचं प्रमाण इतकं होतं, की १९८४ च्या ब्रिटिश क्राइम सर्व्हे या गुन्ह्यांविषयीच्या पाहणीने ज्या भागांना जास्त धोक्याचे ठरवलं होतं, त्यांच्याही दुपटीच्या वर ते गेलं होतं. म्हणून ब्रिटनच्या गृहखात्याच्या गुन्हे प्रतिबंध विभागाने ही वसाहत एका प्रकल्पासाठी निवडली. पोलीस, प्रोबेशन सेवा (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारी यंत्रणा), नगरपालिका आणि मँचेस्टर विद्यापीठातले संशोधक एकत्र आले. डेव्हिड फॉरेस्टर, माइक चॅटर्टन आणि केन पीझ यांनी लिहिलेला पहिला अहवाल १९८८ साली निघाला.

असा प्रकल्प हाती आला की पहिला विचार काय येतो? गस्त वाढवा, दिवे लावा, सगळ्या वसाहतीला कुलपं वाटा, सभा घ्या, पत्रकं छापा. किर्कहोल्टच्या मंडळींनी आधी चौकशी केली. घरफोडी झालेल्या कुटुंबांशी बोलले, त्यांच्या शेजाऱ्यांशी बोलले आणि त्या भागात पकडल्या गेलेल्या चोरांनाही भेटले. चोर कुठून शिरला, काय नेलं, किती वाजता, घरात कोण होतं, शेजारच्या खिडकीतून ती जागा दिसत होती का, असे अगदी बारीक प्रश्न विचारले. या चौकशीत जे हाती लागलं त्यावर पुढचा सगळा प्रकल्प उभा राहिला.

नोंदवहीत न दिसणारी गोष्ट

एकदा घरफोडी झालेल्या घरात ती पुन्हा होण्याची शक्यता, एकदाही घरफोडी न झालेल्या घरात ती पहिल्यांदा होण्याच्या शक्यतेच्या चौपटीहून जास्त होती.

वसाहत सगळी मिळून धोक्याची, हे खरंच होतं. पण तो धोका सगळ्या घरांवर सारखा पसरलेला नव्हता. काही घरांवर तो पुन्हा पुन्हा कोसळत होता आणि त्यांच्याच ओळीतली काही घरं वर्षानुवर्षं सुरक्षित राहत होती. वर्षभरात शंभर घरफोड्या झाल्या असं नुसतं म्हटलं की डोळ्यांसमोर शंभर घरं येतात. प्रत्यक्षात ती सत्तर घरं असू शकतात आणि त्यातल्या काहींचं दार तीन-तीनदा फुटलेलं असू शकतं.

मग हे पोलिसांना आधी का दिसलं नाही? पोलिसांची नोंदवही गुन्ह्याच्या तारखेने चालते, पत्त्याने नाही. मार्चमध्ये एक अधिकारी येऊन जातो, मेमध्ये दुसऱ्या पाळीतला दुसराच येतो. एकाच घराचा पत्ता एकदा असा आणि एकदा तसा लिहिला जातो. एक चोरी डिसेंबरात आणि दुसरी जानेवारीत झाली तर ती दोन वेगवेगळ्या वर्षांच्या आकड्यांत जाऊन बसते. शिवाय पहिल्या तक्रारीतून काही निघालं नाही, तर दुसऱ्या वेळी माणूस पोलिसांकडे जातच नाही. म्हणजे कागदावर दिसणारी पुनरावृत्ती नेहमी खऱ्यापेक्षा कमीच असते. ती चौपट होती हे लक्षात घेतलं, तर प्रत्यक्षात काय चाललं असेल याची कल्पना यावी.

पुढे ग्रॅहॅम फॅरेल हे अभ्यासक आणि केन पीझ यांनी १९९२ च्या ब्रिटिश क्राइम सर्व्हेची आकडेवारी तपासली. हा सर्व्हे पोलिसांच्या कागदांवर चालत नाही, लोकांना थेट विचारून होतो. त्यात सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी जवळजवळ ४४ टक्के गुन्हे अवघ्या ४ टक्के लोकांच्या वाट्याला आलेले होते. या आकड्यावर जरा थांबावं असं मला वाटतं. गुन्हेगारी कमी करायची म्हणून आपण सरसकट सगळ्या समाजाला सावध करत फिरतो. पण तिचा एवढा मोठा भार ज्या मूठभर लोकांवर पडतो, त्यांची नावं आणि पत्ते पोलिसांकडे बऱ्याचदा आधीपासूनच असतात. ते एकदा येऊन तक्रार देऊन गेलेले असतात.

चोर परत का येतो

याची दोन स्पष्टीकरणं अभ्यासक देतात आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं असं, की काही घरांत मुळातच असं काही असतं जे कुठल्याही चोराला बोलावतं. घर कोपऱ्यावर आहे, मागे मोकळी जागा आहे, झुडपांमुळे आडोसा आहे, दिवसभर घरात कुणी नाही, मागच्या दाराला काच आहे. आज एक चोर ते हेरतो, दोन महिन्यांनी दुसरा. घर बदललेलं नाही, म्हणून धोकाही तसाच आहे.

दुसरं स्पष्टीकरण पहिल्या चोरीपासून सुरू होतं. चोर एकदा आत शिरला की घराची सगळी माहिती त्याच्याकडे जाते. जिना कुठे, कुत्रा आहे का, कुठली खिडकी ढिली, सुटायला मागून वाट आहे का, माणसं कधी बाहेर पडतात. त्याला वेळ पुरला नव्हता किंवा हात भरले होते, म्हणून काही वस्तू तिथेच राहिल्या. त्या कुठे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. विमा असेल तर महिन्या-दोन महिन्यांत चोरीला गेलेल्या टीव्हीच्या जागी नवा कोरा येणार, हाही हिशेब त्याच्याजवळ असतो. आणि फुटलेलं दार बऱ्याचदा फळी ठोकून तात्पुरतं बंद केलेलं असतं, म्हणजे आधीपेक्षाही कच्चं. अनोळखी घरात शिरण्यात चोरालाही जोखीम असते. ओळखीच्या घरात ती कमी झालेली असते. पुढच्या काळात चोरांच्या मुलाखतींवर झालेल्या अभ्यासांत हेच पुन्हा पुढे आलं: अनेक वेळा परत येणारा तोच माणूस असतो, नाहीतर त्याने ज्याला सांगितलं तो त्याचा सोबती.

वेळेचा हिशेब या दुसऱ्या स्पष्टीकरणाला जोर देतो. कॅनडातल्या सॅस्कॅटून शहराच्या पोलीस नोंदींवर १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की घरफोडीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याच घराला असलेला धोका एरवीच्या अपेक्षेपेक्षा बारा पटींहून जास्त असतो. त्या महिन्यात झालेल्या पुनरावृत्तींपैकी जवळपास निम्म्या पहिल्या सात दिवसांतच घडल्या होत्या. मग धोका उतरत जातो आणि सहा महिन्यांनी दुपटीच्याही खाली येतो. केवळ घराच्या जागेमुळे पुन्हा चोरी होत असती, तर धोका असा झरझर चढून उतरला नसता. कोपऱ्यावरचं घर सहा महिन्यांनीही कोपऱ्यावरच असतं.

म्हणून वेळ महत्त्वाची. कुलूप बदलायचं तर ते या आठवड्यात. पुढच्या तिमाहीच्या अंदाजपत्रकात तरतूद करून बदललेलं कुलूप त्या घराच्या उपयोगाचं नाही.

जिन्याखालचा मीटर

किर्कहोल्टमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि ती संशोधकांना घरांत शिरून, माणसांशी बोलूनच कळली.

वसाहतीतल्या अनेक घरांत वीज आणि गॅस नाणी टाकून मिळत असे. भिंतीवर किंवा जिन्याखाली धातूचा मीटर, त्याला नाणं टाकायची फट आणि खाली नाणी साठायची पेटी. नाणं टाकलं की तेवढ्या पैशांची वीज सुरू. पैसे संपले की अंधार, पुन्हा नाणं. ज्यांना महिन्याचं बिल एकदम भरणं जमत नव्हतं, ज्यांचं बिल आधी थकलं होतं, अशा गरीब कुटुंबांसाठी ही सोय होती. पण कंपनीचा माणूस येऊन पेटी रिकामी करेपर्यंत ती सगळी रोकड त्या घरातच राहायची. दागिने नसलेल्या, किमती वस्तू नसलेल्या घरातही कुठे पैसे आहेत हे बाहेरच्या माणसाला नक्की ठाऊक असे. आणि पेटी फोडून नेली तरी ती पुन्हा भरायला लागायची, कारण घरात दिवा तर लागायलाच हवा. चोराला काही आठवडे थांबायचं एवढंच काम.

वसाहतीतल्या जवळपास निम्म्या घरफोड्यांमध्ये मीटरमधले पैसे गेलेले होते. म्हणजे एवढ्या चोऱ्यांना निमंत्रण देणारी वस्तू त्या कुटुंबांनी हौसेने आणलेली नव्हती. गरिबांकडून वसुली सोपी व्हावी म्हणून बसवलेलं ते यंत्र होतं आणि त्याची जोखीम मात्र घरात राहणाऱ्यांनी सोसली. मला या प्रकरणात सर्वात जास्त खुपतं ते हे. माणूस पुन्हा पुन्हा लुटला जातो तेव्हा त्याच्या गाफीलपणाकडे बोट दाखवण्याआधी, त्याच्या घरात दुसऱ्याने काय ठेवलं आहे हे पाहिलं पाहिजे.

प्रत्यक्षात केलं काय

प्रकल्पाचा गाभा एका निर्णयात होता: सगळ्या २,२८० घरांच्या मागे न लागता, ज्या घरात घरफोडी झाली त्या घराकडे ताबडतोब जायचं. मदतीचा क्रम गुन्ह्याने ठरवायचा.

बातमी आली की प्रकल्पाचे कार्यकर्ते त्या घरी जात. आधी घरच्यांचं ऐकून घेत. मग घराची पाहणी, आणि ती चोर ज्या वाटेने शिरला होता त्या वाटेची. पुढच्या दाराला भारी कुलूप आणि मागची खिडकी तशीच, असा प्रकार टाळण्यासाठी आधीच्या चौकशीतली माहिती कामी आली. चोर या वसाहतीत खरोखर कुठून शिरतात हे माहीत होतं, म्हणून पक्कं काय करायचं हेही माहीत होतं. घरच्यांनी परवानगी दिली की नाण्यांचा मीटर काढून त्या जागी नाण्यांशिवाय चालणारी व्यवस्था केली जाई. त्यासाठी वीज आणि गॅस पुरवणाऱ्यांना राजी करावं लागलं. वस्तूंवर खुणा घालून देत, म्हणजे त्या विकणं अवघड व्हावं.

याच्या जोडीला शेजार. त्या काळात ब्रिटनमध्ये अख्ख्या मोहल्ल्याने मिळून राखण करायच्या योजना जोरात होत्या. किर्कहोल्टमध्ये त्यांनी ते काम लहान करून घेतलं. घरफोडी झालेलं घर मध्ये आणि त्याच्या भोवतीची साधारण सहा घरं. त्या सहा घरांत जाऊन सांगायचं: या घरी चोरी झाली आहे, पुढचे काही आठवडे धोका आहे, तुमच्या खिडकीतून त्यांचं मागचं दार दिसतं, तेवढं लक्ष ठेवा, काही वावगं दिसलं तर कळवा. याला त्यांनी रेशीमकिड्याच्या कोशाची उपमा दिली. चोरीची वाट अनेकदा शेजाऱ्यांना दिसण्यासारखी होती, फक्त बघायचं का आणि केव्हा हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शेजाऱ्यांना यातून स्वतःचाही फायदा होता, कारण घरफोडी झालेल्या घराच्या आसपासच्या घरांनाही काही काळ जास्त धोका असतो, हे पुढच्या संशोधनात ठळकपणे दिसलं. इंग्लंडमधल्या मर्सीसाइड या लिव्हरपूलच्या परिसरातल्या नोंदींवरून शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी २००४ मध्ये दाखवलं, की हा वाढीव धोका साधारण चारशे मीटरपर्यंत आणि दोनेक महिने टिकतो.

मला यातली खरी ताकद वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीत. चोरी झालेल्या घरातली बाई त्या रात्रीनंतर नीट झोपू शकत नाही. कुठेतरी कुंडी हलली तरी छाती धडधडते. अशा वेळी शेजारच्या सहा घरांना आपली काळजी आहे हे कळणं, हा त्या सुरक्षेचाच भाग आहे. किर्कहोल्टमध्ये पीडिताला आधार देणं आणि पुढचा गुन्हा टाळणं ही दोन खाती वेगळी राहिली नाहीत. एकच माणूस, एकाच भेटीत, दोन्ही कामं करत होता.

दुसऱ्या टप्प्यात काम गुन्हेगारांच्या बाजूनेही वळलं. पकडले गेलेले चोर बहुतेक आसपासचेच होते आणि कर्ज, व्यसन, बेकारी यांनी घेरलेले होते. प्रोबेशन सेवेने त्यांच्यासाठी गटकाम सुरू केलं, शाळेत कार्यक्रम झाले, आणि वसाहतीत एक पतसंस्था निघाली, कमी व्याजाने छोटी कर्जं देणारी. सहकाराच्या गावात हेही यथास्थित झालं.

आकडे काय सांगतात

सुरुवात झाल्यापासून पाच महिन्यांत वसाहतीतल्या घरफोड्या आधीच्या पातळीच्या ४० टक्क्यांवर आल्या. त्याच काळात एकाच घरातली पुनरावृत्ती शून्यावर आली आणि त्यानंतरही कुठल्या महिन्यात दोनाच्या वर गेली नाही. प्रकल्पाआधीच्या १९८६-८७ या वर्षात ५२६ घरफोड्या नोंदल्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या २२३ झाल्या, मग १६७, आणि १९८९-९० मध्ये १३२. तीन वर्षांत ७५ टक्क्यांनी कमी. चोरांनी शेजारच्या वस्त्यांकडे मोर्चा वळवला असेल अशी शंका कुणालाही येते. संशोधकांनी तीही तपासली आणि तसं घडल्याचा पुरावा मिळाला नाही.

शंका, आणि त्या रास्त आहेत

या यशावर टीका झाली आणि ती वाचल्याशिवाय हे प्रकरण नीट समजत नाही. एकाच वेळी इतक्या गोष्टी झाल्या, तर घट नेमकी कशामुळे? मीटर काढल्यामुळे, कुलपांमुळे, शेजाऱ्यांमुळे की पीडिताकडे झटपट पोचल्यामुळे? किर्कहोल्टच्या अहवालातून याची वेगवेगळी वाटणी करता येत नाही. मीटर हा घटक मोठा होता हे उघड आहे.

मग इतर शहरांनी किर्कहोल्टची नक्कल करून पाहिली. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक निक टिली यांनी १९९३ मध्ये या नकलांचा अभ्यास मांडला. निकाल ठिकठिकाणी वेगळे आले. काही ठिकाणी फायदा झाला, काही ठिकाणी फारसा नाही. टिलींचा मुद्दा असा, की लोकांनी किर्कहोल्टमधल्या वस्तू उचलल्या: कुलूप, खुणा, शेजार-गट. पण ती गोष्ट चालली ज्या कारणाने, ते कारण प्रत्येक वस्तीत नव्याने शोधायला हवं होतं. जिथे नाण्यांचे मीटरच नाहीत तिथे मीटर काढण्याचा काय उपयोग? जिथे शेजारी एकमेकांना ओळखतच नाहीत तिथे सहा घरांचा कोश कागदावरच राहतो. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यातली योजना गाजली की तिचं परिपत्रक साऱ्या राज्यात फिरतं. ज्या चौकशीतून ती योजना जन्मली ती चौकशी मात्र त्या परिपत्रकात नसते. टिलींचं म्हणणं मला त्या अर्थाने फार जवळचं वाटतं.

किर्कहोल्टमधून जे टिकलं, ते वस्तूंच्या पलीकडचं होतं: मागचा गुन्हा हा पुढच्या गुन्ह्याची सर्वात चांगली पूर्वसूचना आहे. इंग्लंडमधल्याच हडर्सफील्ड या गावी १९९० च्या दशकाच्या मध्यात पोलिसांनी याच धाग्यावर पायऱ्या बांधल्या. पहिल्यांदा बळी पडलेल्याला एका प्रकारची मदत, वर्षाच्या आत दुसऱ्यांदा बळी पडला तर जास्त लक्ष आणि पोलिसांच्या फेऱ्या, तिसऱ्यांदा पडला तर घरात तात्पुरती अलार्म यंत्रणा. या पायऱ्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी नावं होती. तिथल्या घरफोड्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या पोलीस दलांना पुन्हा पुन्हा बळी पडणाऱ्यांसाठी स्वतःचं धोरण ठरवणं भाग पडलं.

‘तुमच्याच वाट्याला कसं येतं?’

हे सगळं घरफोडीबद्दल झालं. पण पुनरावृत्ती सर्वात क्रूर असते ती माणसावरच्या हल्ल्यांत, विशेषतः घरातल्या मारहाणीत. तिथे चोराला परत यायची गरजच नाही, तो त्याच घरात राहतो. पूर्व लंडनमधल्या एका वसाहतीतल्या बंगाली कुटुंबांवर होणाऱ्या वांशिक हल्ल्यांचा अभ्यास १९९२ मध्ये अॅलिस सॅम्पसन आणि कोरेटा फिलिप्स यांनी केला. तिथेही तीच कुटुंबं, तीच दारं, तेच त्रास देणारे.

अशा वेळी पीडिताला काय ऐकावं लागतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, तुम्हाला तर स्वतःलाच ठेच लागली होती, तरी शहाणे झाला नाहीत?’ ‘तुमच्याच वाट्याला कसं येतं हे?’ पीडितांच्या अभ्यासाची सुरुवातही, दुर्दैवाने, याच सुरात झाली. हान्स फॉन हेंटिग या जर्मन गुन्हेशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये पीडितांचे प्रकार पाडले आणि गुन्हा घडण्यात पीडिताचाही वाटा असतो असं मांडलं. पुढे स्त्रीवादी चळवळीने या विचारावर कडक टीका केली आणि ती बरोबर होती.

किर्कहोल्टची शिकवण इथे कामाची आहे. धोका कुठून येतो हे शोधणं वेगळं आणि दोष कुणाचा हे ठरवणं वेगळं. मागच्या दाराला काच आहे म्हणून ते दार फुटतं, हे खरं. पण काच फोडणारा हात चोराचा आहे, आणि ते दार बदलून द्यायची जबाबदारी घरमालक असलेल्या नगरपालिकेची होती. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे बाई परत जाते, कारण मुलं तिथे आहेत, रेशन कार्ड तिथे आहे, माहेरी जागा नाही. यातलं एकेक कारण दूर करता येण्यासारखं आहे. ‘तिचा स्वभावच तसा’ असं म्हटलं की शोध तिथेच थांबतो आणि पुढच्या मारहाणीची तारीख ठरते.

मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस यंत्रणेच्या आतच महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तक्रार घेऊन आलेल्या बाईसमोर गणवेशातल्या माणसाच्या जोडीला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसावी, हा त्यामागचा विचार. किर्कहोल्टच्या कार्यकर्त्यांशी या कक्षाचा काही संबंध नव्हता, पण दोघांनी एकच दुवा पकडला होता: माणूस पहिल्यांदा मदत मागायला येतो तो क्षण.

आपल्या ठाण्यात

आपल्याकडे घरफोडीची फिर्याद आली की भारतीय न्याय संहितेच्या ३०५ आणि ३३१ या कलमांखाली गुन्हा दाखल होतो. पंचनामा होतो, ठसेतज्ज्ञ येतात, कधी श्वानपथक येतं. सगळा रोख गेलेला माल आणि चोर शोधण्यावर. तो हवाच. पण फिर्यादी ठाण्यातून निघताना त्याला ‘तपास चालू आहे’ यापेक्षा जास्त काही कुणी सांगत नाही. त्याचं दार पुढचा महिनाभर एरवीपेक्षा जास्त धोक्यात आहे, ही माहिती त्याला मिळत नाही, बीट अंमलदारालाही नाही.

सायबर फसवणुकीत तर हे आणखी ठळक दिसतं. पैसे गमावलेल्या माणसाला काही दिवसांनी दुसरा फोन येतो: मी वकील बोलतोय, मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवून घ्यायला एवढी फी भरा. एकदा फसलेल्यांचे नंबर ठगांच्या हातात फिरत असतात. घाबरलेला, घरच्यांपासून लपवत असलेला माणूस पैसे परत मिळतील या आशेने पुन्हा भरतो. १९३० या क्रमांकाच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेताना त्याच संभाषणात ‘आता तुम्हाला असा दुसरा फोन येईल, पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणीही फी मागितली तर ती नवी फसवणूक समजा’ एवढं ठामपणे सांगितलं, तरी कित्येक दुसऱ्या फसवणुकी होण्याआधीच थांबतील.

घरफोडीसाठी मागायचं तेही थोडंच आहे. फिर्याद लिहून घेताना एक प्रश्न: या घरात याआधी चोरी झाली होती का, केव्हा, आणि तेव्हा तक्रार दिली होती का? उत्तर होय असेल तर ते स्टेशन डायरीत वेगळं नोंदवावं. पंचनाम्यानंतर दोन दिवसांत बीट अंमलदाराने त्या घरी जावं, चोर जिथून शिरला ती जागा घरमालकाला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवावी आणि दुरुस्ती झाली का हे आठवड्याने पुन्हा पाहावं. वॉचमनला, समोरच्या फ्लॅटला आणि वरच्या-खालच्या मजल्यांना सांगावं की महिनाभर या दारावर नजर असू द्या. भाडेकरू असेल आणि मालक कडी-कोयंडा बदलून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मालकाला ठाण्यातून एक फोन जावा. ज्या ठाण्याच्या हद्दीत हे सहा महिने होईल, तिथल्या फिर्यादी तारखेऐवजी पत्त्याने लावून पाहाव्यात.